ज्याची पाटी, त्याचाच हात

जेवताना टीव्ही बघू नये, खाल्लेलं अंगी लागत नाही, असं शेखरला लहानपणी रोज बजावणाऱ्या इंदुताई आता स्वतः पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून जेवत होत्या. त्यात त्यांचा तरी काय दोष? मोबाईलमध्ये त्यांचाच मुलगा होता.

"कुठं कुठं शिरतोस रे बाबा तू," त्या कौतुकाने म्हणाल्या.

शेखर समोरच बसला होता. त्याचंही लक्ष मोबाईलमध्येच होतं, कारण तो किती लोकांनी बघितलं तो आकडा बघत होता. मायलेकांमध्ये एका ताटाचं अंतर होतं आणि दोघं एकमेकांना मोबाईलमध्ये बघत होते. असं जेवण आज कुठल्या घरात होत नाही, ते आपणच आपल्याला विचारावं.

थेरगावात डांगे चौकामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे मायलेक राहायचे. शेखर चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. मोटारींचे पत्रे दाबणाऱ्या यंत्रांत काही बिघडलं की ते दुरुस्त करायचं, हे त्याचं काम. पण त्याला विचारलं असतं तर हे त्याने दुसऱ्या नंबरावर सांगितलं असतं. पहिल्या नंबरावर होतं त्याचं चॅनेल, 'आत येऊ नये'. थीम पार्कमध्ये जिथे ही पाटी दिसेल, तिथेच कॅमेरा घेऊन आत शिरायचं. पाण्याच्या घसरगुंडीखालचे पंप, बर्फघरामागची यंत्रं, राक्षसाच्या पाठीतून लोंबणाऱ्या वायरी. गर्दीला जे समोरून दिसतं, ते शेखर मागून दाखवायचा. बघायला मजा यायची, खोटं कशाला बोला. मीही दोन-तीन बघितले आहेत.

तो आत कसा शिरायचा, यातही एक गंमत होती. आपल्या या पट्ट्यात, निगडीपासून चाकणपर्यंत, नारिंगी जाकीट घातलेल्या, डोक्यावर हेल्मेट आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. सगळे समजतात, दुसऱ्या खात्याचा असेल. शेखर कंपनीचं जाकीट घालून जायचा आणि गेटवरचा वॉचमन उलट त्यालाच सलाम करायचा.

"आपण चोरी करत नाही, तोडफोड करत नाही, मग बिघडलं कुठं?" असं तो प्रत्येक व्हिडिओत म्हणायचा. फक्त एक होतं. दर ठिकाणाहून तो एखादी बारीकशी वस्तू 'आठवण' म्हणून घरी आणायचा आणि भिंतीवरच्या फळीवर मांडायचा. राक्षसाचा प्लास्टिकचा दात, झोक्याच्या साखळीची कडी, तिकीटखिडकीची जुनी किल्ली. इंदुताई देवघरासारखी ती फळी रोज पुसायच्या. गेल्या सोमवारी त्या फळीवर एक लाल पत्र्याची पाटी आली होती.

ती आली मौजनगरीतून.

चाकणच्या पुढचं हे पार्क सोमवारी दुरुस्तीसाठी बंद असतं. शेखरला त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणजे साडेतीनपर्यंत मोकळा वेळ. आकुर्डीचा मित्र गणराज कॅमेरा धरायला होताच. दोघे नारिंगी जाकिटात सरळ आत गेले आणि पाताळगाडीच्या मागच्या दाराशी पोहोचले. पाताळगाडी म्हणजे अंधाऱ्या भुयारातून रुळांवर फिरणारे डबे आणि दोन्ही बाजूंनी अचानक उठणारे राक्षस. पोरं किंचाळतात आणि पुन्हा रांगेत उभी राहतात. मागच्या दारावर लिहिलेलं होतं, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी, आत येऊ नये.' ते दार शेखरने कॅमेऱ्याकडे बघत हसत ढकललं.

आत भिंतीवर मोठा स्विच होता. तो बंद होता आणि त्याच्या दांडीला तारेने एक लाल पाटी बांधलेली होती. पांढऱ्या रंगाने हाताने लिहिलेलं होतं, 'माणूस आत आहे. स्विच लावू नका. रोहिदास.'

अशी पाटी बघितली की शेखरच्या कंपनीत माणसाचं पाऊल आपोआप मागे जातं. त्याचंही गेलं. मग त्याचं शहाणपण आडवं आलं. त्याच्या कंपनीत यंत्रात हात घालणारा प्रत्येक जण स्विचला स्वतःचं कुलूप लावतो, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो आणि वर पाटी अडकवतो. काम संपलं की कुलूप काढतात, पाटी मात्र कधीकधी तशीच विसरतात. इथे कुलूप नव्हतं. म्हणजे काम संपलेलं आणि पाटी विसरलेली, असा हिशोब त्याने दोन सेकंदात केला. या पार्कात कुलपंच नव्हती, जे काही होतं ती पाटीच होती, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. यंत्रातलं काही न कळणारा असता तर घाबरून दूर तरी राहिला असता. म्हणतात ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शिवाय दीड वाजत आला होता. गेटजवळच्या शेडमधून जेवायला बसलेल्यांचा आवाज येत होता. 'आत कोणी आहे का?' अशी एक हाक भुयारात मारली असती तर सगळं कळलं असतं. पण चोरून शिरलेल्या माणसाला हाक मारायची सोय नसते.

"आजची आठवण," शेखर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला. त्याने तार उलगडून पाटी काढली, नाव दाखवलं आणि पिशवीत टाकली. दारामागची यंत्रं तेवढी टिपून दहा मिनिटांत दोघे बाहेर होते. शेखर वेळेवर पाळीला पोहोचला.

पाटी काढतानाचं चित्र फार हललं होतं, म्हणून तेवढा तुकडा त्याने कापला. बाकीचा व्हिडिओ गुरुवारी टाकला. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. संध्याकाळपर्यंत त्याच्या चॅनेलवर आजवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ तोच ठरला. इंदुताईंनी शिरा केला.

पुढच्या सोमवारपासून शेखरला पहिली पाळी होती. सकाळी सात वाजता यंत्रं सुरू होण्याआधी सगळे गोलाकार उभे राहतात आणि फोरमन पाच मिनिटं सुरक्षिततेबद्दल बोलतो. या पाच मिनिटांत बहुतेक लोक आदल्या दिवशीचा सामना आठवत असतात. फोरमन भिमाजीअण्णा म्हाळुंगेचे मूळचे. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली, त्यांना कंपनीत नोकरी मिळाली आणि उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या दहा खोल्या बांधल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, पण आवाज अजून शेताच्या एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल असा होता. त्या दिवशी मात्र ते हळू बोलले.

"माझ्या चाळीत दोन भाडेकरू हाईत," ते म्हणाले. "रोहिदास अन् समाधान. भूम तालुक्यातल्या एकाच गावचे. दोघं मौजनगरीत कामाला. मागल्या सोमवारी रोहिदास त्या भुयारात बोल्ट बसवत व्हता. समाधान जेवून आला, त्यानं गाडी चालू करून बघितली. रोहिदासचा उजवा पंजा गेला. मनगटापासून."

गोलातले सगळे आदल्या दिवशीचा सामना विसरले.

"रोहिदास म्हणतो, मी पाटी लावली व्हती. समाधान म्हणतो, पाटी नव्हती. समाधानवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झालाय. एका ताटात जेवणारी माणसं ही. आता मधल्या भिंतीला कान लावला तरी बोलण्याचा आवाज येत न्हाई. दोघांतला एक खोटं बोलतोय, येवढंच जगाला ठावं." मग अण्णा रोजचं वाक्य म्हणाले, "म्हणून सांगतो. ज्याची पाटी, त्याचाच हात. दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा न्हाई."

"ज्याची पाटी, त्याचाच हात," सगळे म्हणाले. शेखरही म्हणाला.

आणि त्याला काहीच वाटलं नाही. याचंच त्याला नवल वाटलं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असतो, पण बोट लावलं तरी आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. त्याने त्या दिवशी दोन यंत्रं दुरुस्त केली, डबा पूर्ण खाल्ला, कुणीतरी विनोद केला तेव्हा हसलासुद्धा. बसमध्ये बसल्यावर त्याने जुना तुकडा काढून बघितला. पाटी काढणारा हात त्याचाच होता. खाली वेळ लिहिलेली होती, एक वाजून बावीस मिनिटं. त्याने तो तुकडा चार वेळा बघितला. दुसऱ्याच कुणाचा तरी व्हिडिओ बघावा तसा.

गणराजला फोन केला, तर तो लगेच म्हणाला, "भावा, डिलीट मार. आपण तिथं नव्हतोच. पाटी कुठंतरी फेकून दे, विषय संपला."

"आणि तो समाधान?"

"त्याच्याकडं वकील असेल ना, राव. आपण स्विच लावला का? नाही. मग?"

शेखरने बोट डिलीटवर नेलं. दाबलं नाही. दाबावंसंही वाटलं नाही आणि न दाबावंसंही वाटलं नाही. मंगळवार तसाच गेला. रात्री झोपही लागली. वाईट माणसाला झोप लागत नाही असं आपण ऐकत आलो आहोत, पण ते काही खरं नाही.

बुधवारी सुट्टीच्या आधी भिमाजीअण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेखर, तुझ्याकडं ते व्हिडिओ काढायचं मशीन हाय न्हवं? उद्या माझ्याकडं येतोस का? रोहिदासला चौकशीत म्हणणं द्यायचंय. लिहायला हात न्हाई. तो बोलंल, तू काढून घे. नीट दिसलं पायजे, आवाज नीट आला पायजे. तुला त्यातलं कळतं."

"येतो," शेखर म्हणाला. नाही म्हणायला काहीतरी वाटावं लागतं.

गुरुवारी सकाळी इंदुताई फळी पुसत होत्या. लाल पाटी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हा रोहिदास कोण रे?"

शेखरने पाटी त्यांच्या हातातून घेऊन कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकली. वाटेत इंद्रायणीच्या पुलावर गाडी थांबवली. पाटी पाण्यात टाकायची असं त्याने ठरवलं होतं की नव्हतं, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. मागून कंटेनरवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली, म्हणून तो पुढे निघाला.

भिमाजीअण्णांची चाळ म्हणजे एका ओळीत दहा दारं आणि शेवटी सगळ्यांना मिळून एक नळ. त्यातली चौथी आणि पाचवी खोली रोहिदासची आणि समाधानची. दोन्ही दारांमध्ये एकच पायरी होती, तिच्यावर पूर्वी दोघांच्या चपला एकत्र पडलेल्या असायच्या, असं अण्णा म्हणाले. आता पाचव्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत समाधान होता. कामावरून काढल्यापासून तो घरातच असायचा.

रोहिदास खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. चाळिशीचा, सावळा, अंगाने शिडशिडीत माणूस. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. त्याच्या बायकोने, जयमालाने, चहा आणला. नवऱ्याकडे तिने सवयीने उजव्या बाजूने कप केला, मग थांबली आणि वळसा घालून डाव्या हातात दिला.

"बसा भाऊ," रोहिदास शेखरला म्हणाला. "लई लांबून आलात. एक सांगू का, गंमत हाय बगा. जी बोटं नाहीत, ती खाजत्यात. रात्रभर. अन् खाजवाय काय नाही."

शेखरने स्वतःच्या हाताकडे बघितलं. दहाही बोटं जागेवर होती आणि एकातही काही जाणवत नव्हतं. त्याने कॅमेरा मांडला, लाल ठिपका लागला. "बोला," तो म्हणाला.

रोहिदासने आधी नाव सांगितलं, गाव सांगितलं, चौदा वर्षं हेच काम करतो असं सांगितलं. पार्कवाले कागदाच्या चिठ्ठ्या द्यायचे, त्या फाटायच्या, म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाटी त्याने स्वतः केली होती. रंग स्वतः दिला, अक्षरं स्वतः काढली. मग खिडकीकडे बघत तो म्हणाला, "त्या दिवशी मी पाटी लावली नव्हती. मी विसरलो. समाधानची काय चूक नाही."

जयमालाने हातातली बशी खाली टेकवली. "असं कसं म्हणता?" ती म्हणाली. "शुद्धीवर आल्याबरोबर पहिलं काय बोललात? पाटी लावलेली होती म्हणलात. डॉक्टरसुद्धा साक्षीला आहेत."

"रोहिदास, खरं काय ते सांग," अण्णा म्हणाले.

"खरं मलाच कळंना झालंय, अण्णा. मला आठवतंय बगा, तार पिरगाळलेली आठवतीया. पण समाधान म्हणतोय नव्हती. अन् समाधान खोटं बोलत नाही. त्याला मी चड्डीत असल्यापासून बगतोय. मग खोटं कोण? माझंच डोस्कं. विसरलो असंन." त्याने डाव्या हाताने डोळे पुसले. "माझा हात तर गेलाच. आता त्याला तुरुंगात कशाला घालायचं? लेकरं बारकी हायेत त्याची. काढा तुम्ही, भाऊ. मी विसरलो, असंच राहू द्या."

शेखर पडद्यात बघत होता. पडद्यातला माणूस रडत होता. ज्याचा हात गेला होता, तो आता चौदा वर्षांच्या एका चांगल्या सवयीचं श्रेयही स्वतःहून सोडून देत होता, कारण मित्राला खोटारडा ठरवण्यापेक्षा स्वतःला विसराळू ठरवणं त्याला सोपं वाटत होतं.

"न्हाई," भिमाजीअण्णा म्हणाले. "ह्यो सोपा मार्ग हाय, पर खोटा हाय. पाटी म्हंजी काय खेळ न्हवं. हे पोरगं बसलंय न्हवं, शेखर, ह्याचीच गोष्ट सांगतो. कंपनीत लागून वरीस झालं असंल. एक दिस ह्यो स्विचला आपलं कुलूप तसंच ठेवून घरी गेला. किल्ली खिशात. दुसऱ्या पाळीची माणसं येऊन उभी. साहेब म्हणाला, कटरनं कुलूप तोडा. म्या म्हणलं, तोडायचं न्हाई. साहेब म्हणाला, अहो, तो घरी गेलाय, फोन लागंना त्याचा, पर गेटावर बाहेर पडल्याची नोंद हाय. म्या म्हणलं, असंल. नोंद चुकती. त्याची पाटी म्हणतीया आत माणूस हाय, तर माझ्यासाठी आत माणूस हाय. तीन घंटे सगळी लाइन उभी ठेवली. माणूस थेरगावला धाडला, ह्याला घेऊन आला, ह्यानं आपल्या हातानं कुलूप काढलं, मग यंत्र चालू झालं. साहेब माझ्याशी महिनाभर बोलला न्हाई."

अण्णा शेखरकडे वळून हसले. "आठवतंय का रं? तू घरी व्हतास, टीव्ही बघत. अन् आमी हितं तीन घंटे थांबलो. का? तर न जाणो, तू आत असशील."

अण्णांना काहीच ठाऊक नव्हतं. ते सरळ मनाने बोलले होते, आणि म्हणूनच ते वाक्य जिथे लागायचं तिथे लागलं.

इंजेक्शनचा अंमल उतरायला लागला की आधी मुंग्या येतात आणि मग दुखतं. शेखरच्या हातांना मुंग्या आल्या. एका 'न जाणो'साठी अख्खी कंपनी तीन तास थांबली होती. तो स्वतः तीन सेकंद थांबला नव्हता. त्याने कॅमेरा बंद केला नाही. पिशवीत हात घातला, लाल पाटी काढली आणि रोहिदासच्या मांडीशी खाटेवर ठेवली.

"मी काढली होती," तो म्हणाला. "एक वाजून बावीस मिनिटांनी. व्हिडिओसाठी. माझ्याकडं त्याचं चित्र आहे."

 नळावर कुणाचीतरी बादली भरून वाहत होती, तिचा आवाज येत राहिला. रोहिदासने डाव्या हाताने पाटी उचलली. स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला. शेखरने अंग आक्रसून घेतलं होतं. मारलं तर बरं होईल, असंच त्याला वाटत होतं. पण रोहिदासने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो भिंतीकडे वळला आणि डाव्या हाताच्या मुठीने भिंतीवर थापा मारायला लागला.

"समाधान! आरं समाधान! मी लावली होती बग! अन् तू बी खरंच बोललास! दोघं बी खरं बोललो आपण!"

पाचव्या खोलीची कडी वाजली. दाढी वाढलेला, बनियनवरचा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याने पाटी बघितली, रोहिदासला बघितलं आणि उंबऱ्यावरच बसून तो लहान मुलासारखा रडला. "दहा दिस मी मनाशी म्हणतोय," तो म्हणाला, "पाटी असंल, मलाच दिसली नसंल. माझं डोळंच फुटलं असतील." जयमाला त्याला पाणी द्यायला उठली.

परतताना ती शेखरसमोर थांबली. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "तुम्ही आत एक हाक मारली असती, भाऊ. आतून ओ आली असती."

त्या क्षणी मात्र शेखरचं बधिरपण पार उतरलं. तो तोंड झाकून खाली बसला. त्याला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही, आणि सगळं कळल्यावरही ते वाटायला तीन दिवस लागले याची लाज त्याहून मोठी होती.

भिमाजीअण्णा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.  "तुला म्या शिकवलं," ते म्हणाले. "पयल्या दिसापासून म्या शिकवलं. तू रोज माझ्यामागं म्हणायचास. आपल्या कंपनीतल्या पाटीमागं माणूस असतो अन् दुसऱ्याच्या पाटीमागं काय भुतं असत्यात व्हय?"

"चुकलं, अण्णा."

"चुकलं असं पोर म्हणतं. ऊठ. गाडी काढ. पोलीस ठाण्यात जायचं. तुझं ते चित्र घे. म्या येतो संगं."

पुढचं थोडक्यात सांगतो. शेखरने जबाब दिला, न कापलेला तुकडा दिला. समाधानवरचा गुन्हा मागे घेण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि शेखरवर नवा गुन्हा दाखल झाला. कंपनीने त्याला घरी बसवलं. मौजनगरीलाही कुलपं का नव्हती याचा जाब द्यावा लागला. आता तिथल्या प्रत्येक कामगाराला स्वतःचं कुलूप आणि स्वतःची किल्ली मिळाली आहे. गणराजने शेखरचा नंबर ब्लॉक केला. शेखरने चॅनेलवरचे सगळे व्हिडिओ काढून टाकले आणि एकच ठेवला. त्यात तो जाकीट न घालता, घरातल्या भिंतीसमोर बसून, आपण काय केलं ते सांगतो. तो फार कुणी बघितलेला नाही.

इंदुताईंनी बघितला. ताट बाजूला सारून बघितला. मग त्या उठल्या, फळीवरचा राक्षसाचा दात, साखळीची कडी, किल्ली, सगळं एका पिशवीत भरलं आणि म्हणाल्या, "ज्याचं त्याला नेऊन दे. ही कडी कुठल्या झोक्याची आहे, त्यावर आज कुणाचं लेकरू बसलं असेल, ते मी एकदाही विचारलं नाही रे. नुसती पुसत राहिले. तू शिरत होतास, पण टाळ्या मी वाजवत होते."

त्या माउलीने स्वतःला जे विचारलं, ते आपण सगळ्यांनीच विचारायला हवं. बंद दार कुणीतरी उघडतं, कारण पलीकडे बघायला आपण लाखोंनी जमलेलो असतो. 'आत येऊ नये' या पाटीमागे काहीतरी गुपित दडवलेलं असतं, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तिच्यामागे एक माणूस असतो. हातात पाना घेऊन, पाठमोरा, आपल्यावर विश्वास ठेवून काम करणारा. बाहेरचे लोक पाटी पाळतील, एवढाच त्याचा आधार असतो. तो आधार काढून घेणं म्हणजे धाडस नव्हे. आणि बोटाच्या टोकाने मोबाईल सरकवत ते बघत राहणं म्हणजे नुसती करमणूकही नव्हे.

शेखर दर गुरुवारी म्हाळुंगेला जातो. रोहिदासला डाव्या हाताने लिहायला शिकायचं आहे, शेखर वही धरून बसतो. रोहिदासने त्याला माफ केलं आहे असं नाही. तसं तो बोलून दाखवतो. "येत जा," तो म्हणतो, "पण माफ केलं असं म्हणणार नाही मी."

चौथ्या खोलीचं दार दिवसभर उघडंच असतं. पायरीवर दोन घरांच्या चपला एकत्र पडलेल्या असतात. तरी शेखर पायरीखालीच थांबतो आणि हाक मारतो, "रोहिदासभाऊ, आत येऊ का?"

कधी उत्तर लगेच येतं. कधी रोहिदास झोपलेला असतो, कधी त्याला त्या दिवशी हे तोंड बघायचं नसतं. मग शेखर उन्हात उभा राहतो. आतून ओ येईपर्यंत पाऊल उचलत नाही.